सूज उतरल्यावर या

केसपेपर माझ्याच अक्षरातला आहे. डाव्या बाजूची खालची दाढ, शेवटून दुसरी, किडून खोल गेलेली. गालाला सूज. तोंड दोन बोटं उघडतंय. ताप नाही. त्याखाली पाच दिवसांच्या गोळ्या आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ मारून: ‘सूज उतरल्यावर दात काढणे.’ दिवाळी नुकतीच सरली होती. डोळखांबच्या बाजूची माणसं वीटभट्ट्यांवर निघायच्या गडबडीत होती. हा चाळिशीतला माणूस निघण्याआधी दाढेचा निकाल लावून जावा म्हणून शहापूरला आला होता. ‘काढूनच टाका डाक्तर,’ तो म्हणाला होता. हे केसपेपरवर नाही. पण मला आठवतं, कारण त्यावर मी काय म्हणालो तेही आठवतं. ‘सुजेत दात काढत नाहीत, दादा. आधी गोळ्या घ्या. सूज उतरल्यावर या.’

सूज उतरली. तो आला नाही.

आला तो जानेवारीत, म्हशाची जत्रा भरली होती त्या दिवसांत, रात्री साडेनवाच्या सुमाराला. मी दवाखान्याचं शटर अर्धं ओढलं होतं. इको गाडीतून दोघांनी त्याला उतरवलं. तो चालत होता, पण पुढे झुकून, हनुवटी वर करून. बाकावर बसला तोही तसाच, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. मांडीवर टॉवेल होता आणि तो लाळेने भिजला होता. थुंकी गिळता येत नव्हती. बोलला तेव्हा तोंडात मोठा घास धरून बोलावं तसा आवाज आला. हनुवटीखाली मी बोटं टेकली. एका कानाखालपासून दुसऱ्या कानाखालपर्यंत सगळं फळीसारखं कडक झालं होतं. जबड्याच्या हाडाची खालची कड, जी एरवी कुणाच्याही चेहऱ्यावर सहज हाताला लागते, ती सापडेना. जीभ वर उचलली गेली होती, तिचं टोक दातांच्या मध्ये दिसत होतं.

सवयीने मी त्याला खुर्चीत मागे रेलवायला गेलो. त्याने माझा हात ढकलला. जोरात ढकलला. आडवा झालो तर श्वास कोंडणार हे त्याच्या अंगाला कळत होतं, आणि मला, पंचवीस वर्षं तोंडात बघणाऱ्या माणसाला, ते त्याच्या ढकलण्यातून कळलं.

या आजाराला लुडविग्ज अँजायना म्हणतात. जर्मनीतल्या स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. अँजायना म्हटलं की आपल्याकडे लोकांना छातीतली कळ आठवते, पण त्या मूळ लॅटिन शब्दात गळा आवळण्याचा अर्थ आहे. इथे तो अगदी शब्दशः खरा आहे. माणूस पुवाने मरायच्या आधी श्वास कोंडून मरतो.

दाढेपासून गळ्यापर्यंत हे जातं कसं, ते मला परीक्षेत विचारलं गेलं होतं आणि मी बरोबर सांगितलं होतं. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने एक पातळ स्नायू झोळीसारखा बांधलेला असतो. जीभ त्या झोळीवर बसलेली असते. पुढच्या दातांची मुळं झोळीच्या वरच संपतात. मागच्या दोन दाढांची मुळं मात्र तिच्या खाली उतरलेली असतात. त्यामुळे त्या दाढांच्या टोकाशी पू झाला आणि त्याने जबड्याचं हाड आतल्या बाजूने पोखरलं की तो तोंडात फुटत नाही, थेट मानेत उतरतो. तिथे शरीरशास्त्राच्या पुस्तकात ‘पोकळ्या’ लिहिलेल्या असतात. निरोगी माणसात त्या पोकळ्या नसतातच, पू जाऊन त्या करतो. एका बाजूची पोकळी दुसऱ्या बाजूला उघडते. मग सूज वर जिभेकडे, मागे घशाकडे आणि तिथून खाली छातीच्या मध्यापर्यंत जाऊ शकते. शेवटून दुसरी दाढ. मीच लिहिलं होतं. त्या माणसाचा पू कुठे जाणार हे माझ्याच केसपेपरच्या पहिल्या ओळीत होतं.

त्या रात्री मी जे केलं ते ठीक केलं असं लोक म्हणतात. १०८ ला फोन लावला, पण दारात गाडी उभी होती म्हणून तिच्यातच पाठवायचं ठरवलं. होतं ते इंजेक्शन दिलं. सोबतच्यांना तीनतीनदा बजावलं की त्याला आडवं करू नका, कितीही झोप आली तरी बसवूनच न्या. पुढच्या डॉक्टरांना फोन केला. पण मी गाडीत बसलो नाही. जागा होती. सकाळी दवाखाना होता, घरी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर वाटेत पडघ्याच्या आसपास त्याचा श्वास बंद पडला असता तर माझ्या हातात काय होतं, या विचारानेच माझे पाय उचलले नाहीत. ती भीती मी तेव्हा स्वतःला ‘व्यवहार’ या नावाने सांगितली.

पहिल्या ठिकाणी अतिदक्षता विभागात खाट नव्हती. दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटली. तिथे त्याला झोपवून भूल देता येणार नव्हती, कारण झोपवलं की श्वास जाणार आणि तोंडातून नळी घालायला तोंडच उघडत नव्हतं. त्याला जागं ठेवून, नुसती जागेवरची भूल देऊन, गळ्यात श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली. मग जबड्याखाली दोन्ही बाजूंना चिरा देऊन आतले कप्पे बोटाने मोकळे केले, निचऱ्यासाठी रबराचे ड्रेन ठेवले. पू फार नव्हता म्हणे, घाण वासाचं पातळ पाणी होतं. या आजारात असंच असतं, आणि म्हणूनच ‘पिकू दे, मग फोडू’ म्हणत थांबणं घातक असतं. रक्तातली साखर ३४० निघाली. मधुमेह आहे हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, कारण दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला तेव्हा मी बोटाला सुई टोचली नव्हती. यंत्र कपाटात होतं.

आणि त्याच टेबलावर, त्याच रात्री, त्यांनी ती दाढ काढली. जी मी सूज उतरल्यावर काढणार होतो ती त्यांनी सूज ऐन भरात असताना काढली. तिथल्या तरुण सर्जनने दुसऱ्या दिवशी मला फोनवर हे सहज सांगितलं, पुढचं वाक्य बोलायच्या आधी उरकावं तसं. त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

माणूस वाचला.

शिमग्याच्या आधी तो बायकोबरोबर दवाखान्यात आला. गळ्यावर नळीची खूण, जबड्याखाली दोन आडवे व्रण. पिशवीतून त्यांनी शेतातले वाल आणले होते. ‘तुम्ही तवा लगेच पाठवला म्हणून वाचला,’ ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, ‘चूक आमचीच व्हती. सूज गेली तवाच येयाचा व्हता. भट्टीवाल्याची उचल घेतली व्हती, खाडा केला तर कापतो. नाय जमला.’

मी म्हणालो, ‘हो ना. यायला हवं होतं.’

बाकावर सात-आठ माणसं बसली होती. माझ्याकडे काम करणारी मुलगी पावत्या फाडत होती. सगळ्यांनी ऐकलं. एका माणसाचा जीव जाता जाता राहिला, त्याची भट्टीची कमाई बुडाली, उचल अंगावर राहिली, आणि त्याची बायको माझा दोष स्वतःच्या पदरात घेऊन माझ्यासमोर उभी होती. मी तो दोष तिच्या पदरात राहू दिला. वरून गाठ मारून दिली.

हे लिहायला बसलो ते त्या ‘हो ना’ मुळे. बाकी सगळ्याला मी काही ना काही उत्तर देऊ शकतो. त्या दोन शब्दांना उत्तर नाही.

‘सुजेत दात काढत नाहीत’ हे वाक्य माझं एकट्याचं नाही. अर्धा तालुका ते म्हणतो. आई मुलाला म्हणते, औषधाच्या दुकानात म्हणतात, आणि आम्ही दातांचे डॉक्टरही म्हणतो. त्यामागे काही खरं आहे. पुवाच्या जागी शरीरातला द्रव आम्ल होतो, त्यामुळे बधिर करायचं औषध तिथे नीट लागत नाही. पण जबड्याच्या मागच्या बाजूला, सुजेपासून लांब, मज्जातंतूवर इंजेक्शन देता येतं. रोज देतो मी. तोंड उघडत नसेल तर दात मिटलेले असतानाच गालाच्या आतून ते देण्याची पद्धत आहे, वझिरानींनी १९६० मध्ये आणि अकिनोसींनी १९७७ मध्ये मांडलेली. मला ती येते. आणि त्या दिवशी तर दोन बोटं तोंड उघडत होतं, त्या पद्धतीचीही गरज नव्हती.

गोळ्यांनी काय होतं? दाताच्या आतली नस एकदा मेली की तिथे रक्त पोहोचत नाही, आणि रक्त पोहोचत नाही तिथे औषधही पोहोचत नाही. गोळ्या आजूबाजूची आग शांत करतात. सूज उतरते, ठणका जातो, रात्री झोप लागते. मुळाशी सगळं तसंच असतं. म्हणजे ज्या कारणाने माणूस एका दिवसाची मजुरी सोडून, दोन गाड्या बदलून माझ्या दारापर्यंत येतो ते कारण मी काढून घेतो, आणि ज्याने त्याचा जीव जाऊ शकतो ते आत ठेवतो. आणि मग म्हणतो, परत या.

आमच्याकडे अजूनही काही जण दाढ दुखली की रिंगणीच्या बियांची धुरी घेतात. ‘कीड पडते’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत कृमिदंत म्हणून दातांचा रोग सांगितलेला आहे, इतकी ही किड्याची समजूत जुनी. धुरी घेऊन आलेल्या माणसाला मी वर्षानुवर्षं खडसावलं. तोंडात जळल्याचे डाग दिसले की रागवायचो. गालावर बिब्बा घालून कातडी सोलून आलेल्या एका म्हातारीला तर मी इतकं बोललो होतो की ती उठून गेली. आता विचार करतो, धुरीने होत काय होतं? घटका-दोन घटका दुखणं थांबायचं आणि दात तिथेच राहायचा. माझी पाच दिवसांची पट्टी वेगळं काय करत होती? धुरी देणारा निदान ‘सूज उतरल्यावर या’ म्हणून पुन्हा बोलावत नव्हता.

मग मी दात का काढत नव्हतो? मनाशी खरं बोलायचं तर कारणं अशी.

एक वेळेचं. सुजलेल्या माणसाला बधिर करायला वेळ लागतो, धीर द्यावा लागतो, मध्येच दुखलं तर थांबावं लागतं. बाहेर बाक भरलेला असतो, कुणाला शेवटची एसटी गाठायची असते, कुणाला आसनगावहून लोकल. एका सुजलेल्या दाढेच्या वेळात तीन साधे दात होतात. हे कारण मला फार काळ पुरलं.

पण त्याच्याखाली दुसरं होतं. सुजेत दात काढला आणि पुढे सूज गळ्यात उतरली, जी दात न काढताही उतरलीच असती, तर गाव म्हणणार, ‘त्या डाक्तरने काढला म्हणून झाला.’ लहान गावात दवाखाना नावावर चालतो. वासिंदपासून खर्डीपर्यंत एक वाक्य पोहोचायला दोन दिवस पुरतात. गोळ्या देऊन पाठवलं आणि माणूस आला नाही, तर चूक त्याची. दात काढला आणि बिघडलं, तर चूक माझी. एवढाच हिशेब होता. मी रुग्णाचा धोका आणि माझा धोका असे दोन्ही समोर ठेवले आणि आपला उचलून त्याच्या अंगावर टाकला. त्याला ते कळलंही नाही, कारण मी ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं.

दोष अंगावर येऊ नये म्हणून गोळी. असं एकदा लिहून बघितल्यावर जुन्या वह्या काढल्या. दवाखान्याच्या नोंदवह्या मी कधी टाकल्या नाहीत. एका वर्षाची वही घेऊन ‘सूज’ हा शब्द आला की पुढची तारीख शोधत गेलो. काहींपुढे ती होती, आठवड्या-दोन आठवड्यांनी: दात काढला. बऱ्याच नावांपुढे काहीच नव्हतं. टोकावडे, किन्हवली, धसई, डोळखांब. ती माणसं कुठे गेली? काहींनी दुसरीकडे काढला असेल. काहींची सूज उतरून वर्षभर काही झालं नसेल. बाकीच्यांचं मला माहीत नाही. मोजणी मी मध्येच थांबवली. का थांबवली तेही सांगतो: आकडा झाला असता तर तो मला कुणाला तरी सांगावा लागला असता.

त्या वह्यांत आणखी एक वाक्य पानोपानी आहे. ‘कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून आठ-दहा वेळा चुळा भरणे.’ चांगला सल्ला आहे. तो मी एप्रिल-मेमध्येही लिहिलाय, ज्यांच्या पाड्यावर टँकर येतो त्यांनाही. माझ्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. आणि त्याच तालुक्यातली बाई उन्हात हंडा घेऊन उतरते, घोटघोट मोजून वापरते, तिला मी दहा वेळा कोमट पाणी फुकट थुंकायला सांगत होतो. सांगताना मान वर करून तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. सल्ला चुकीचा नव्हता, तो कुणासाठी आहे हे मी बघितलं नव्हतं, इतकंच. पण ‘इतकंच’ म्हणता येईल असं ते आहे का?

१९४० आणि १९४३ साली अमेरिकेत लुडविग्ज अँजायनावर दोन अहवाल छापून आले. पहिल्यात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले होते. दुसऱ्यात दहातला एक. पेनिसिलिन तेव्हा सर्रास मिळू लागलं नव्हतं. मधल्या काळात बदललं ते मुख्यतः हे की डॉक्टर थांबायचे बंद झाले. श्वासाची वाट लवकर मोकळी केली, चिरा लवकर दिल्या. मी हे विद्यार्थिदशेत वाचलं होतं आणि त्यातून परीक्षेपुरते आकडे उचलले होते. गोळ्यांच्या आधीच्या माणसांनी जे सुरीने आणि हिमतीने साधलं, ते गोळ्या हाताशी असलेला मी गोळ्यांमागे लपून घालवत होतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या: दाताच्या दुखण्यात आणि गाठीत शक्य तिथे आधी दातावर उपचार करा, प्रतिजैविकांवर विसंबू नका. त्या मी फोनवर वाचल्या, पटल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाच दिवसांची पट्टी लिहिली. पटणं आणि करणं यांच्यात माझा एक बाक भरलेला असायचा.

वरच्या दातांचं वेगळं भय असतं. ‘वरची दाढ काढली की डोळा जातो’ असं आमच्याकडे सर्रास मानतात. मी त्याला अडाणीपणा म्हणायचो. पण चेहऱ्याच्या नसा मेंदूकडच्या नसांना जोडलेल्या आहेत. वरच्या सुळ्याचा पू चढला की डोळा मिटतो, क्वचित जंतू मेंदूच्या तळाशी जाऊन रक्ताची गुठळी होते. लोकांनी डोळ्याचा आणि दाताचा संबंध पाहिलेला असावा, फक्त उलट्या बाजूने: डोळा जातो तो दात काढल्याने नाही, न काढल्याने. हे मी समजावून सांगायला हवं होतं. मी ‘असं काही नसतं’ म्हणून मोकळा व्हायचो.

समजावता येत नव्हतं असं नाही. २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, काळ्या बुरशीचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने निघाले. वरचे दात हलतायत, गालाचं हाड दुखतंय, म्हणून माणसं आधी आमच्याकडेच येत होती. त्या दोन-तीन महिन्यांत मी प्रत्येक सुजलेल्या चेहऱ्याला विचारलं: साखर आहे का, कोविड झाला होता का, स्टेरॉइड घेतलं का? प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचली. प्रत्येकाचा नंबर लिहून घेतला आणि दोन दिवसांनी स्वतः फोन केला. एकही माणूस ‘सूज उतरल्यावर या’ म्हणून सोडला नाही. तेव्हाही बाहेर बाक भरलेला होता. मग लाट ओसरली आणि फोन बंद झाले, यंत्र कपाटात गेलं. मला येत होतं. जेव्हा आजाराचं नाव रोज वर्तमानपत्रात होतं आणि चुकलो तर मला कुणी विचारेल असं होतं, तेव्हा मी केलं. डोळखांबच्या माणसाबद्दल मला कुणी विचारणार नव्हतं.

हे फक्त आपल्याकडे, गरिबीत होतं असं मला वाटायचं, आणि त्या वाटण्याचाही मला आधार होता. पण अमेरिकेत मेरीलँड राज्यात डेमॉन्टे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा फेब्रुवारी २००७ मध्ये गेला. किडलेल्या दाताचे जंतू मेंदूत पोहोचले होते. मेंदूच्या दोन शस्त्रक्रिया, कित्येक आठवडे रुग्णालय, अडीच लाख डॉलरच्या घरात खर्च. दात काढायला ऐंशी डॉलर लागले असते. तिथे परिस्थितीने दार बंद केलं होतं: विमा नाही, सरकारी योजनेतला दाताचा डॉक्टर मिळेना. माझ्याकडे आलेला माणूस दारातून आत आला होता. खुर्चीत बसला होता. ‘काढूनच टाका’ म्हणाला होता.

आता काय करतो ते लिहितो, पण त्यात समाधान मिळवायचं नाही असं ठरवून लिहितो. सूज असलेल्या माणसाचं तोंड किती बोटं उघडतं ते मोजतो. हनुवटीखाली हात लावतो, जबड्याची कड लागते का बघतो. जीभ उचलायला सांगतो, थुंकी गिळायला सांगतो, आवाज ऐकतो. साखर बघतो. यातलं काही बिघडलेलं दिसलं तर गोळी लिहीत नाही, त्याच तासाला पाठवतो, आणि पाठवताना आडवं करू नका हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो. बाकीच्यांची दाढ त्याच दिवशी काढतो, गाठ मऊ लागली तर चीर देऊन निचरा करतो, सोबत लागतील तेवढ्याच गोळ्या. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी खूप दमलो होतो, एक सुजलेली बाई आली, आणि माझ्या तोंडातून तेच जुनं वाक्य अर्धं बाहेर पडलं. ‘सूज उतर...’ तिथे थांबलो. थांबलो नसतो तर तिला कळलंही नसतं. ती पदराने गाल धरून माझ्या तोंडाकडे बघत होती.

लावणी आटोपल्यावर, श्रावणात, तो माणूस पुन्हा आला. बायको सोबत होतीच. आता उजव्या बाजूची खालची दाढ ठणकत होती. साखरेच्या गोळ्या चालू होत्या. पावसाने बाक रिकामा होता आणि मला न बोलायला कारण उरलं नव्हतं.

मी माझं स्टूल पुढे ओढलं आणि सांगितलं. दिवाळीनंतर तुम्ही काढूनच टाका म्हणालात. तेव्हा काढता येत होती, दादा. मला येत होतं. मी काढली नाही. तुमची चूक नव्हती. आणि ताई, त्या दिवशी तुम्ही आमची चूक म्हणालात तेव्हा मी हो म्हणालो, ते खोटं होतं.

तो काही बोलला नाही. गळ्यावरच्या खुणेकडे त्याचा हात गेला आणि तिथेच थोडा वेळ राहिला. मी काय ऐकायची तयारी केली होती ते आता आठवत नाही. बायको माझ्याकडे बघत म्हणाली, ‘मंग तवाच काढाची व्हती ना.’

आवाज चढला नव्हता. तिने फक्त विचारलं होतं. मी म्हणालो, ‘हो.’

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो उठला, चप्पल काढून खुर्चीत बसला, मान मागे टेकली. जबड्याखालचे दोन्ही व्रण दिव्याखाली आले. ‘ही बघा आता,’ म्हणाला. तोंड तीन बोटं उघडत होतं. हिरडी थोडी सुजली होती, गाल नाही. साखर बघितली, फार नव्हती. ‘आज काढतो,’ म्हणालो आणि सिरिंज भरली.

ती एरवी बाहेर बाकावर बसायची. आज आत आली, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसली, आणि दाढ बाहेर येईपर्यंत तिने माझ्या हातावरची नजर काढली नाही.